कामठ्यात लागलेली योनाची पोथी

माशाच्या पोटातून बाहेर यायला योनाला तीन दिवस लागले. ईश्वरदासबाबूंच्या हातून सुटायला त्याला एकोणीस वर्षं लागली.

बायबलमध्ये योनाचं पुस्तक तीन-साडेतीन पानांचं. चहा निवायच्या आत वाचून होतं. देव योनाला सांगतो, निनवे नावाच्या पापी शहरात जा आणि बजाव, तुमचं आता काही खरं नाही. निनवेचे लोक योनाचे वैरी, म्हणून तो उलट्या दिशेच्या गलबतात बसतो. वादळ उठतं, खलाशी त्याला समुद्रात टाकतात, मोठा मासा गिळतो आणि तिसऱ्या दिवशी काठावर ओकून टाकतो. मग झक मारत तो निनवेला जातो. शहर पस्तावतं, देव माफ करतो आणि माफ केलं म्हणून योना रुसून बसतो. एवढीच गोष्ट. तिच्यावर ईश्वरदासबाबूंनी चारशे बारा पानांचं भाष्य लिहिलं.

बाबू गोंदिया स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊन फुलचूरला घर बांधून राहिलेले. तरुणपणी पाळक व्हायला म्हणून शिकायला गेले, तिथं हिब्रूची चटक लागली आणि पाळकपण हुकलं, कारण उपदेशाला उभे राहिले की ते एकेका शब्दाच्या मुळाशी जाऊन ठाण मांडायचे. योनाचं पुस्तक मूळ भाषेत 'आणि'नं सुरू होतं. एका रविवारी बाबूंनी त्या 'आणि'वर उपदेश सुरू केला. मंडळी घरी गेली, जेवली, डुलकी काढून परत आली, तरी बाबू 'आणि'वरच होते. तेव्हा मिशनच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना प्रेमानं रेल्वेत चिकटवून दिलं. पार्सल ऑफिसात मासळीच्या पेट्यांतून बर्फाचं पाणी गळत असायचं आणि त्या वासात बसून बाबू योना लिहायचे.

पुस्तक नागपूरच्या एका ख्रिस्ती प्रकाशन मंडळानं छापलं. छापखान्यातल्या एका उंदरानं पहिल्या अध्यायाची प्रुफं खाल्ली म्हणतात, आणि तेव्हापासून तो यहुद्यांचा विसाव्याचा वार म्हणून शनिवारी काही कुरतडेना. पुस्तक उघडलं की वर मजकुराच्या दोन ओळी आणि खाली तळटीपांचा तलाव. नवेगावबांधच्या तलावाला निदान पलीकडचा काठ आहे.

आता बाबूंनी दुसरं पुस्तक हातावेगळं केलं होतं. ओबद्यावरचं भाष्य. ओबद्या हे जुन्या करारातलं सगळ्यांत छोटं पुस्तक, एकाच अध्यायाचं. बाबूंचं हस्तलिखित दोन पिशव्यांत मावत होतं. त्या दोन पिशव्या घेऊन ते नागपूरला मंडळाच्या सचिवांकडे गेले. सचिव देवेंद्र खंडागळे नगरकडचे, चाळिशीतले, बोलायला गोड. पिशव्यांकडे पाहून त्यांनी आधी पाणी मागवलं, स्वतःसाठी.

"बाबू, रागावू नका," खंडागळे म्हणाले. "मुलांच्या गोष्टी जातात, भिंतीवरची वचनं जातात, नाताळची कॅलेंडरं जातात. तुमच्या योनाच्या प्रती आम्ही गोदामाच्या भिंतीला लावून रचल्यात. ओल आत येत नाही, एवढा उपयोग होतोय."

"अभ्यासाचं पुस्तक हळूहळूच खपतं."

"खपण्याचं सोडा. कोणी वाचलंय का? शेवटपर्यंत? मला एक माणूस दाखवा. तुम्ही नको, मी नको, प्रुफं तपासणारा नको. एक दाखवा, ओबद्या छापतो."

"तुम्ही तरी वाचलंत ना?"

"मी सचिव आहे," खंडागळे म्हणाले. "ऑगस्टात तिसऱ्या रविवारी तुमच्या गोंदियाच्या चर्चमध्ये उपदेशाला येतोय. दुपारी मोकळा आहे. तेव्हा दाखवा."

एक माणूस. जगात सहाशे कोटी माणसं आणि बाबूंना त्यांतला एक पाहिजे होता. गोंदियाला परत येताना गाडीत त्यांना वाटलं, हे काय अवघड आहे. फुकट वाटलेल्या प्रतीच ढीगभर होत्या.

दुसऱ्या दिवशी ते चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. चर्चच्या हार्मोनियमची एक बाजू खाली बसली होती, ती योनानं सावरून धरली होती. पाळकसाहेब म्हणाले, भाष्याचा मोठा आधार आहे. बाबूंच्या डॉक्टरांनी प्रत कपाटात ठेवली होती, काचेआड, अशी की पाहणाऱ्याला कणा दिसावा. एक प्रत न्हाव्याकडे निघाली. ठेंगण्या गिऱ्हाइकांना तो खुर्चीत योनावर बसवायचा.

घरी येऊन बाबू खाटेवर बसले. रूथबाई डाळ निवडत होत्या.

"रूथ, तू तरी वाचलंस ना?"

"दोनदा सुरू केलं," रूथबाई म्हणाल्या. "दोनदा झोप लागली. झोपेच्या गोळ्या सुटल्या माझ्या. देवाची कृपाच म्हणायची."

"कितव्या पानावर झोप लागली?"

"आता एवढी चौकशी नका करू. संसार आहे."

मग बाबूंना जवळच्या कामठा गावच्या धनलाल रहांगडालेंची आठवण झाली. धनलाल शेतकरी माणूस, पार्सल ऑफिसातली जुनी ओळख. दरसाल घरच्या चिन्नोर तांदळाची पोतडी आणून द्यायचे. दोन वर्षांमागे रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून बाबूंनी त्यांच्या हातात योना ठेवला होता. आशा नव्हतीच. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि त्या वेळी बाबू योनापेक्षाही खोल पाण्यात होते. त्यांनी लुना काढली.

कामठ्याला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दिवेलागण म्हणायची आपली रीत, नाहीतर त्या वर्षांत भारनियमनानं संध्याकाळी दिवे जायचीच वेळ असायची. रोवणी आटोपली होती, बांध्यांमध्ये धान हिरवं उभं होतं, टीव्ही बंद होते, आणि अख्खं गाव धनलालच्या घरापुढच्या छपरीत कंदिलाभोवती बसलं होतं. कोणीतरी सुरात काही वाचत होतं. बाबूंनी लुना बंद केली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ते वाक्य त्यांचं होतं.

"दाग गादोल," धनलाल आळवत होते, "म्हणजे केवळ मोठा मासा. मूळ शब्दावरून तो देवमासाच होता असे ठरत नाही."

"दाग गादोल," छपरीनं मागून सूर धरला.

"तळटीप क्रमांक सदतीस. पाहा पान दोनशे चार. वरीलप्रमाणे."

"वरीलप्रमाणे," छपरी म्हणाली, आणि दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

त्या मुलखात श्रावणात गावोगाव पोथी लागते. एकानं सुरात वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. रीत कडक. लागलेली पोथी मध्ये सोडायची नाही आणि तिच्यातलं अक्षर गाळायचं नाही. शेवटी फलश्रुती वाचायची, म्हणजे ही पोथी ऐकणाऱ्याला काय फळ मिळेल ते. ती झाली की समाप्ती, आणि समाप्तीचं गावजेवण. त्या वर्षी कामठ्याची जुनी पोथी वाळवीनं खाल्ली. श्रावण तोंडावर आला आणि धनलालना आठवलं की पेटीत एक पोथी आहे, बाबूजींनी स्वतःच्या हातानं दिलेली, देवाची, आणि जाड. लाल फडक्यात बांधून त्यांनी ती पाटावर ठेवली. अक्षर गाळायचं नाही म्हणून पहिल्या दिवशी मुखपृष्ठ, छापखान्याचा पत्ता, किंमत आणि 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' एवढं वाचून झालं, आणि फुलं वाहिली गेली. बाबूंच्या तळटीपा जगात कोणी वाचत नव्हतं. कामठ्यात त्या गायल्या जात होत्या.

अर्थ सांगायला भैयाजी होते. भैयाजींनी खरं बोलायचं एकदा करून पाहिलं होतं, पण प्रकृतीला मानवलं नाही.

"वरीलप्रमाणे म्हंजे काय गा, भैयाजी?" कोणीतरी विचारलं.

"म्हंजे वरून जसा हुकूम आला तसाच. खाली मानसानं आपलं डोस्कं चालवू नाई."

"अन् मासोळी कोनती होती?"

"पोथीत नाव नाई. पन मी सांगतो, मरळ होती. माझा मामा सौंदडचा. तलावात सायकल धूत होता. मरळ आली अन् मामाले सायकलीसंग गिळून बसली. तीन दिवस मामा आतमंधी घंटी वाजवत होता. मरळीले झोप नाई. शेवटी कंटाळून तिनंच ओकला त्याले."

"अन् सायकल?"

"ते रायली आतच. अजून पानी शांत असलं का घंटी आयकू येते."

"आतमंधी जेवला काय होता वो मामा?" हे धनलालच्या बायकोनं, मुन्नीबाईंनी विचारलं.

"मासोळीच्या पोटात मासोळ्या कमी असतेत का, भाभी?"

बाबूंना राहवलं नाही. ते छपरीच्या पायरीवर आले. "हे माझं मत नाही. मी असं कुठंही लिहिलेलं नाही."

साऱ्या माना वळल्या. धनलालनी ओठांवर बोट ठेवलं. "पोथी चालू असली का मंधात बोलू नाई, बाबूजी. बसा."

"अहो, पण मी लिहिलंय हे."

"लिहिनारे तुमच्या घरी. इथं आयकनारे. बसा."

बाबू बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पुस्तकानं त्यांना गप्प बसवलं होतं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मरळीचा भाग सोडला तर.

वाचन झाल्यावर त्यांनी धनलालना सगळं सांगितलं. खंडागळे येणार, एक वाचक दाखवायचा, नाहीतर ओबद्या पिशवीतच राहणार. धनलालनी पुस्तक फडक्यात बांधलं.

"एक कायले?" ते म्हणाले. "पूरा गाव दाखवू. त्याच रविवारी समाप्ती करून टाकतो. घेऊन या साहेबाले जेवायले."

भैयाजी मागून म्हणाले, "बाबूजी, तो ओबद्या का फोबद्या, त्याच्यात बी मासोळी हाय का?"

"नाही."

"काऊन? चांगली चालत होती."

तिसऱ्या रविवारी दुपारी बाबू खंडागळ्यांना घेऊन कामठ्याला आले. पाऊस उघडला होता. धनलालच्या अंगणात मोठ्या गंज-पातेल्यांत भात शिजला होता, वरण झालं होतं, वांग्याच्या भाजीचा वास शिवेपर्यंत गेला होता. छपरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर योना उघडा होता, त्याच्यावर हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि समोर नारळ.

खंडागळे बाबूंच्या कानाशी लागले. "बाबू, हा काय प्रकार? आपल्या भाष्याला हळद?"

"पानं पाहा, साहेब. कशी मळलीत. गोदामातल्या प्रती किती स्वच्छ आहेत."

खंडागळे मांडी घालून बसले.

शेवटचा अध्याय सुरू झाला. योना शहराबाहेर उन्हात रुसून बसतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक झाड वाढवतो, योना खूश होतो, दुसऱ्या दिवशी किडा लागून झाड वाळतं आणि योना म्हणतो, यापेक्षा मेलेलं बरं. ते झाड कोणतं, यावर बाबूंच्या तळटीपा अकरा पानं होत्या. भोपळा की एरंड. जुन्या काळी एका आचार्यानं भाषांतरात भोपळा काढून दुसरं झाड घातलं, तर आफ्रिकेतल्या एका गावात चर्चमध्येच आरडाओरडा झाला, तेही बाबूंनी नोंदलं होतं.

"बरोबरच होते ते लोक," मुन्नीबाई म्हणाल्या. "भोपळ्याचा मांडव असते सावलीले. एरंडाखाली कोन बसते?"

"माझ्या काकानं एरंडाखाली लग्न लावलं," भैयाजींनी सुरुवात केली, पण बायकांनी त्यांना पुढं जाऊ दिलं नाही. छपरीची दोन टोकं भोपळा आणि एरंड अशी वाटली गेली. धनलालनी नारळ आपटून शांत केलं.

मग ते शेवटच्या वाक्यावर आले. एका झाडासाठी तुला एवढं वाईट वाटतं, देव योनाला विचारतो, तर त्या एवढ्या मोठ्या शहरासाठी, आपला उजवा हात कोणता नि डावा कोणता हेही न कळणाऱ्या त्या लाखभर माणसांसाठी आणि त्यांच्या पुष्कळ गुराढोरांसाठी मला वाईट वाटू नये का?

धनलालनी पान उलटलं. पुढं संदर्भसूची होती, तीही त्यांनी आळवून म्हटली. बाहेरदेशच्या विद्वानांच्या एकेका नावाला लोकांनी माना लववल्या. पुन्हा पान उलटलं. कोरं. आणखी एक उलटलं. पुठ्ठा.

"फलश्रुती कोठं हाय?" धनलाल म्हणाले.

धनलालनी पुठ्ठ्याच्या आतलं पान नखानं सुटतं का पाहिलं.

"बाबूजी, छापखान्यानं पान गाळलं वाटते."

"गाळलं नाही," बाबू म्हणाले. "तिथंच संपतं."

"सवालावर?"

"हो."

"सवालावर पोथी संपत नाई, बाबूजी. फलश्रुती नाई तं समाप्ती नाई. समाप्ती नाई तं हे पोथी उघडी रायली. अन् हे जेवन कशाचं मंग?"

मागून कुजबुज वाढली. "मंग अर्धीच लिहिली कायले?" एक जण म्हणाला. "रेल्वेचे होते ना," दुसरा म्हणाला. "मधल्याच स्टेसनात थांबायची सवय."

खंडागळे बाबूंकडे झुकले. आता त्यांचाही जीव त्यात अडकला होता, आणि वांग्याच्या भाजीतही. "बाबू, दोन ओळी सांगून टाका. जो हे ऐकेल त्याचं धान भरपूर पिकेल. काय बिघडतं?"

"त्यात नाही ते मी लिहिणार नाही."

"अहो, मी म्हणालो होतो शेवटपर्यंत वाचलेला माणूस. हे स्वतःच म्हणतायत की शेवट झाला नाही. मग मी मंडळाला काय सांगू? ओबद्या पाहिजे ना?"

बाबूंना ओबद्या पाहिजे होता. दोन पिशव्या डोळ्यांसमोर आल्या. पण योनाच्या गोष्टीला गोड शेवट जोडणाऱ्यांना त्यांनी आपल्या भाष्यात पंधरा पानं झोडपलं होतं, आणि ती पंधरा पानं या छपरीनं चार दिवसांपूर्वी त्यांच्यासमोर टाळ्या देऊन ऐकली होती.

"फलश्रुती मी देतो," भैयाजी म्हणाले. "माझ्यापाशी चौदा तयार हायेत. पोरं व्हायची पायजे का पीक व्हायचं?"

"नको, भैयाजी," बाबू म्हणाले.

मुन्नीबाई उठल्या. "भात थंडा होऊन रायला. बाबूजी, योनानं काय जवाब देला तेवढा सांगून टाका अन् मोकळे व्हा."

"त्यानं जवाब दिलाच नाही."

"देवानं सवाल केला अन् यानं जवाबच नाई देला?"

"नाही. पुस्तकात तरी नाही."

"मंग देव थांबूनच हाय अजून?"

पुस्तक प्रश्नावर का संपतं, यावर बाबूंनी सहा मतं दिली होती, साता समुद्रांपलीकडच्या सहा विद्वानांची, अनुकूल-प्रतिकूल, कालानुक्रमे. ती सगळी त्यांना पाठ होती. आणि त्या सहांपैकी एकही मत इथं भात निवत असताना बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

ते उभे राहिले. "हो, थांबून आहे," ते म्हणाले. "योनाचा जवाब नाही. सवाल राहिला. म्हणून तो पुस्तकाच्या शेवटी ठेवलाय, जो ऐकेल त्यानं उत्तर द्यायचं. या पोथीला फलश्रुती मी देऊ शकत नाही. ती ऐकणाऱ्यांनी द्यायची असते. तुम्ही द्या, की झाली समाप्ती."

त्यांचा उपदेश आयुष्यात कधी एवढ्या लवकर संपला नव्हता. ते खाली बसले. गाव मानेल की नाही याचा भरवसा नव्हता.

धनलालनी पुस्तकाखालचं फडकं नीट केलं.

"मी देतो," ते म्हणाले. "देवानं मानसंच नाई, ढोरंही धरली हिसाबात. ढोरं धरते त्याचा हिसाब बरोबर असते. माफ करावं."

त्यांच्या शेजारी उदाराम म्हणून हट्टी म्हातारा होता. "माझा इचार वेगळा हाय," तो म्हणाला. "बुडवतो म्हटलं तं बुडवावं. माझ्या शेताच्या धुऱ्याची माती दरसाल कापून नेते एक जन. त्याले माफ करून पाहा, मंग समजते."

"कोन नेते?" पलीकडून चुन्नीलाल म्हणाला. त्याचं शेत उदारामच्या बाजूलाच होतं.

"म्या नाव घेतलं का?"

"मंग माझ्याकडे कायले पाहून रायला?"

"बुडवा बा त्याले," उदाराम म्हणाला. मग थोडं थांबून, "बैल सोडून देजा पन. बैलायचं काय चुकलं."

छपरी हसून लोळली. चुन्नीलालही हसला, मग म्हणाला, "या साली नाई कापत जाय, पुढचं पुढं." आणि तेवढं त्याचं उत्तर धरलं गेलं.

मुन्नीबाई म्हणाल्या, "मी तं त्या योनालेच इचारीन. बाबा, मासोळीच्या पोटातून तुले बाहेर काढलं, तवा तुह्या गुन्ह्याची चौकशी झाली होती का?"

यावर छपरी हसली नाही. बाबू त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि खिशात पेन चाचपत राहिले.

एकेक जण बोलत गेला. कोणी माफ म्हणालं, कोणी निम्मं माफ, कोणी म्हणालं पहिले दंड भरून घ्यावा. भैयाजींची पाळी आली तेव्हा लोक सरसावून बसले.

"माफ," भैयाजी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच. भूक लागली."

मग सगळे खंडागळ्यांकडे वळले. खंडागळे हसले. "मी पाहुणा आहे."

"पाहुना असो का पाटील, आयकलं त्यानं जवाब द्यावं," धनलाल म्हणाले. "तुम्ही तं छापली हे पोथी. तुमचा जवाब पहिला पायजे होता."

खंडागळ्यांनी रुमाल काढला. आतापर्यंत पाच हजार माणसांसमोर उपदेश केलेला माणूस तो. पण त्याला दिसलं की इथं काहीही गोड बोललं तरी पचेल, आणि म्हणूनच ते बोलवेना.

"मी वाचलेलं नाही," ते म्हणाले. "खरं सांगतो. मी आज शेवटचाच अध्याय ऐकला. मला उत्तर देता येत नाही."

"छापली अन् वाचली नाई?" उदाराम म्हणाला. "हे तं भात शिजवून गल्लीत फेकनं झालं."

"त्यायले बोलू नका," मुन्नीबाई म्हणाल्या. "सायेब, तुमच्या पानावर वाढते. जवाब उधार रायला. पूरी वाचून आनून देजा."

"मला ही प्रत द्याल का?" खंडागळ्यांनी धनलालना विचारलं.

धनलालनी पुस्तक छातीशी धरलं. "हे गावाची हाय. पुढच्या श्रावनात लागते. तुमच्या गोदामात असन ना एखादी."

समाप्ती झाली. नारळ फुटला. खंडागळे तीनदा भात घेऊन जेवले. परतीच्या वाटेवर बाबूंनी ओबद्याचं विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नागपूरहून काही नाही. रूथबाई म्हणाल्या, "फोन करून विचारा ना." बाबू म्हणाले, "वाचत असेल." रूथबाई म्हणाल्या, "मग झोपला असेल."

दिवाळीनंतर धानाची कापणी सुरू असताना एका सकाळी फुलचूरच्या दारात ऑटो थांबला. खंडागळे उतरले. दाढी वाढलेली, डोळे लाल, काखेत योना. त्या योनातून कागदाच्या एवढ्या चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या की पुस्तकाला पंख फुटल्यासारखे दिसत होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही, त्यांनी खाटेवर बसून पुस्तक उघडलं.

"पान तीनशे अकरा, दुसरी तळटीप," ते म्हणाले. "एरंड एका रात्रीत वाढत नाही म्हणून तुम्ही एरंडवाल्यांचं मत खोडलंय."

"खोडलंय."

"आणि पान चाळीसवर तुम्हीच म्हणता की या गोष्टीतल्या चमत्काराला मोजपट्टी लावू नये. माशाला लावायची नाही आणि झाडाला लावायची? दोन्ही कसं चालेल, बाबू?"

बाबूंनी चष्मा लावला. पान तीनशे अकरा वाचलं. पान चाळीस वाचलं. पुन्हा तीनशे अकरा वाचलं. बाहेर ऑटोवाला भाड्यासाठी उभा होता, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"चूक आहे," बाबू म्हणाले.

"आहे ना?"

"साफ चूक आहे. एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती, दिसली नाही." नातू झाल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा आवाज झाला होता. त्यांनी आत तोंड वळवलं. "रूथ, चहा टाक. साखर सैल हातानं टाक. यांना माझी चूक सापडली."

रूथबाई दारात आल्या. घरातली एक चूक कधी कबूल न करणाऱ्या नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं, आणि ऑटोवाल्याचे पैसे देऊन आत चहाला गेल्या.

"अशा आणखी नऊ आहेत," खंडागळे म्हणाले. "दोन ठिकाणी मात्र तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मला आवडलेलं नाही. ते आपण नंतर बोलू. ओबद्या छापतो."

बाबूंनी खाटेखालच्या पिशव्यांकडे हात नेला.

"पण हस्तलिखित आधी मी वाचणार. शेवटपर्यंत."

"दोन पिशव्या आहेत."

"मग दोन खेपा करीन."

चहा झाला. दुसरा झाला. दहापैकी तीन चुकांवर बाबू हरले, चारवर जिंकले, आणि उरलेल्या तिन्हींवर दोघांचाही आवाज एवढा चढला की शेजारची माणसं कुंपणापाशी आली. इतकं सुख बाबूंना पेन्शन सुरू झाली त्या दिवशीही झालं नव्हतं.

"आणि तो जवाब?" शेवटी बाबूंनी विचारलं. "निनवेचा? माफ करावं की नाही?"

"ते कामठ्याचं देणं आहे, तुमचं नाही," खंडागळे म्हणाले. "लुना काढा."

बाबूंनी लुना काढली. खंडागळे मागं बसले, पुस्तक बाबूंच्या पाठीवर टेकवून उघडलं, आणि गावाबाहेरचा नाका यायच्या आत दोघांत पान तीनशे बारावरून पुन्हा जुंपली.